पणजोबांचं नाव कोणत्या दगडावर आहे? सैनिक पूर्वजाचा माग काढण्याची वाट

खडकीला मुळा रोडवर युद्ध दफनभूमी आहे. राखलेली हिरवळ, एका मापाचे दगड, नावं कोरलेलं स्मारक. घरात ‘आजोबांचे वडील बसऱ्याच्या लढाईत गेले’ एवढंच ऐकलेलं असतं आणि पुण्यात सैनिकांच्या कबरी म्हटलं की हीच जागा आठवते. मग लोक रविवारी सकाळी तिथे जातात, तासभर दगड वाचतात आणि रिकाम्या हातांनी परततात.

शोधाची सुरुवात इथून करू नका. या दफनभूमीत दुसऱ्या महायुद्धातले दीड हजारांहून अधिक सैनिक आहेत. त्याच आवारात पहिल्या महायुद्धाचं खडकी स्मारक आहे आणि त्यावर १,८०० हून अधिक नावं आहेत. पण ती प्रामुख्याने हिंदुस्थानात छावण्यांत असताना वारलेल्या ब्रिटिश सैनिकांची आहेत. त्यांच्या मूळ कबरी देशभरातल्या जुन्या दफनभूम्यांत होत्या आणि तिथे निगा राखणं शक्य उरलं नव्हतं. मुंबईच्या शिवडी दफनभूमीतले सहाशेहून अधिक जणांचे अवशेष १९६२ साली इथे हलवले गेले. तुमचे पणजोबा इराकमध्ये गेले असतील, तर त्यांचं नाव खडकीत असायचं काही कारण नाही.

दुसरी गोष्ट मन घट्ट करून ऐका: मराठा किंवा महार शिपायाची कबर बहुधा नसतेच. हिंदू आणि शीख सैनिकांचं शक्य तिथे दहन झालं. जिथे शक्य नव्हतं तिथे शव रणातच राहिलं. अशा माणसाचं नाव त्या त्या आघाडीच्या स्मारकावर, ठरावीक पटलावर (नावांच्या फलकावर) घेतलं जातं. म्हणजे शोधायचा आहे तो पटल क्रमांक. मुसलमान आणि ख्रिस्ती सैनिकांच्या कबरी असतात. जुन्या मराठा पलटणींत ‘दख्खनी मुसलमान’ शिपायांच्या कंपन्याही होत्या, त्यामुळे त्या घरांचा शोध खऱ्याखुऱ्या दफनभूमीपर्यंत पोहोचू शकतो.

हे सगळं सांभाळणारी संस्था म्हणजे राष्ट्रकुल युद्ध समाधी आयोग. १९१७ साली ‘इम्पीरियल’ नावाने स्थापन झाला आणि १९६० साली ‘कॉमनवेल्थ’ झाला. संकेतस्थळावर सीडब्ल्यूजीसी या आद्याक्षरांनी सापडतो आणि तिथला शोध फुकट आहे. पैसे घेऊन शोधून देणाऱ्यांकडे जाण्याची घाई करू नका. मात्र त्या शोधखिडकीत नुसतं ‘पाटील’ टाकून काही होत नाही. तिथे जाण्याआधी चार गोष्टी हाती हव्यात: वडिलांच्या नावासह पूर्ण नाव, त्या काळातल्या तालुक्या-जिल्ह्यासह गाव, पलटण आणि साधारण साल. पलटणीचा नंबर मिळाला तर सोन्याहून पिवळं. या गोष्टी मिळतात घरात आणि गावात.

आधी पत्र्याची पेटी

पदकं असतील तर ती चिंच लावून घासू नका. आधी काठ वाचा. पहिल्या महायुद्धातल्या गोल पदकांच्या काठावर शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण इंग्रजीत ठोकलेली असते. तारेच्या आकाराच्या पदकावर हा मजकूर मागच्या बाजूला असतो. घासून घासून ही अक्षरंच जातात. दुसऱ्या महायुद्धातली ब्रिटिश सैनिकांची पदकं नाव न घालता दिली गेली, पण हिंदी सैन्यातल्यांच्या पदकांवर बहुधा नाव सापडतं. साधारण बारा सेंटिमीटरची, ब्रिटानिया आणि सिंह असलेली ब्राँझची जाड चकती घरात असेल, तर ती पहिल्या महायुद्धात मेलेल्याच्या वारसाला दिलेली आहे. तिच्यावर हुद्दा नसतो, फक्त नाव असतं. भांड्यांच्या मोडीत गेलेल्या अशा चकत्या कमी नसाव्यात.

पेन्शनचे कागद पदकांहूनही मोलाचे, कारण त्यांत नंबर आणि पलटणीबरोबर वारसाचं नावही असतं. पणजीला पेन्शन मिळत असेल, तर तिचा कागद कुणाकडे गेला ते आधी विचारा. असे कागद बहुतेक वेळा थोरल्या घरी नसतात. ज्या मुलाने म्हातारीला शेवटी सांभाळलं, त्याच्याकडे असतात.

घरातल्या वडीलधाऱ्यांना ‘पलटण कोणती?’ असं थेट विचारून उपयोग नाही. रजा संपली की ते कुठे जायला निघायचे, बेळगावला की खडकीला? तिकडून आलेली पत्रं कोण वाचून दाखवायचं? ते गेले तेव्हा धाकटं मूल केवढं होतं? हा शेवटचा प्रश्न फार कामाचा. ‘जर्मनची लढाई’ हा शब्द गावात दोन्ही महायुद्धांना वापरतात, आणि धाकट्या मुलाचं जन्मसाल कळलं की कोणती लढाई ते बहुतेक वेळा उलगडतं. तोब्रुक, इटली, ब्रह्मदेश ही नावं आली तर दुसरं महायुद्ध. इराकमधली बसरा आणि कुत आली तर बहुधा पहिलं. हे सगळं विचारायचं ते विशेषतः आत्यांना. सासरी गेलेल्या बायका माहेरच्या गोष्टी जपून ठेवतात, शेतीच्या वाटणीवरून भांडलेले भाऊ ठेवत नाहीत.

एक खूण कागदावर मिळत नाही, ती पितृपक्षात मिळते. त्या पूर्वजाचं श्राद्ध घरात कोणत्या तिथीला करतात? घातचतुर्दशीला, म्हणजे भाद्रपद वद्य चतुर्दशीला करत असतील, तर मृत्यू शस्त्राने किंवा अपघाताने झाला अशी घराची समजूत आहे. सर्वपित्रीला करत असतील तर तिथी कळलीच नव्हती, किंवा माणूस बेपत्ता म्हणून कळवला गेला होता, ही शक्यता धरा. दुसरीच एखादी तिथी पाळत असतील तर जुन्या पंचांगावरून तारीख काढता येते, पण तिच्यावर फार विसंबू नका. तार गावात पोहोचली तीच तिथी धरल्याची शक्यता दाट असते, आणि मेसोपोटेमियातून, म्हणजे आजच्या इराकमधून, बातमी यायला कित्येक आठवडे लागत. देव्हाऱ्यातल्या टाकांमध्ये ‘वीर’ म्हणून पुजलेला टाक असेल तर तो कुणाचा, हेही विचारून घ्या.

मग गाव

तेव्हाच्या मुंबई इलाख्यातल्या बऱ्याच गावांत चावडीच्या, शाळेच्या किंवा देवळाच्या भिंतीत संगमरवरी पाटी बसवलेली आहे: या गावातून १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात इतके लोक गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. साताऱ्याजवळचं अपशिंगे, ज्याला सगळे ‘अपशिंगे मिलिटरी’ म्हणतात, तिथल्या ४६ जणांच्या मृत्यूची नोंद प्रसिद्ध आहे. अशा पाट्यांवर नावं नसतात, नुसते आकडे. तरीही पाटी बघा. आकडा लहान असेल तर गावातल्या इतर घरांत विचारून यादी पुरी करता येते, आणि एकाच गावची माणसं एकाच पलटणीत भरती झालेली असणं सर्रास आढळतं. शेजारच्या घराला पलटण माहीत असेल, तर तुमचीही तीच असण्याची शक्यता चांगली. देवळाचा जीर्णोद्धार झाला असेल तर पाटी मागच्या खोलीत टेकवून ठेवलेली असू शकते. पुजाऱ्याला विचारा.

आता तहसील कार्यालयाचा अभिलेख कक्ष. इथे मागायचं ते कोतवाल बुक, म्हणजे गाव नमुना १४, जन्म-मृत्यूची जुनी नोंदवही. परदेशात मेलेल्या शिपायाचा मृत्यू तिथे बहुधा सापडणार नाही. पण त्याच्या मुलांचे जन्म सापडतात, आणि जन्माच्या नोंदीत बापाचं नाव येतं. त्यावरून माणूस कोणत्या सालापर्यंत गावात येत-जात होता याचा अंदाज बांधता येतो. त्यानंतर फेरफार, गाव नमुना ६. जमीन असलेला माणूस मेला की वारसनोंद होते, मग ती पाच-दहा वर्षांनी का होईना. ‘अमुक मयत, वारस मुलगा अमुक, अज्ञान पालन करणार आई अमुक’ अशा एका ओळीत निम्मी वंशावळ मिळते. नकलेसाठी साधा अर्ज पुरतो. गाव, गट किंवा जुना सर्व्हे नंबर आणि सालांचा टप्पा त्यात स्पष्ट लिहा.

२०२३ पासून कुणबी नोंदींचा जो शोध चालू झाला, त्याचा इथे आपसूक फायदा झालाय. त्या निमित्ताने जिल्ह्याजिल्ह्यांत जुन्या नोंदवह्या बाहेर निघाल्या, स्कॅन झाल्या, आणि कित्येक जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर गावनिहाय पाहता येतात. तहसिलीत खेटा घालण्याआधी तिथे बघा. अडचण एकच, जुनी पानं मोडीत आहेत. पुण्यात मोडी वाचणारे पुष्कळ आहेत. भारत इतिहास संशोधक मंडळाच्या वर्तुळात किंवा पुराभिलेखागाराच्या मोडी वर्गांतून तयार झालेल्यांत कुणीतरी भेटतंच. पण पूर्ण वही वाचून मागू नका. आडनाव आणि पहिलं नाव मोडीत कसं दिसतं ते लिहून घ्या आणि पानं स्वतः चाळा. सापडलेल्या पानापुरती मदत मागितली की माणसं आनंदाने देतात.

गावाचा पत्ताही त्या काळातला लिहून घ्या, कारण लष्करी नोंदीत तोच आहे. सिंधुदुर्ग १९८१ साली रत्नागिरीतून वेगळा झाला आणि कुलाब्याचा रायगड त्याच वर्षी झाला. सांगली १९४९ साली दक्षिण सातारा म्हणून निघाला. भोर, फलटण, औंध, जत, सावंतवाडी, कोल्हापूर ही संस्थानं होती. तेव्हा आजच्या पुणे जिल्ह्यातल्या भोर तालुक्याचा माणूस ‘पूना’मध्ये सापडला नाही, तर ‘भोर स्टेट’ बघायचं. मुळशी किंवा कोयनेच्या पाण्याखाली गेलेलं गाव असेल तर आजच्या नकाशावर ते नाही, पण नोंदीत आहे.

पलटण ओळखणं

खरं कोडं सुटतं ते या टप्प्यावर, म्हणून इथे वेळ घाला.

पहिल्या महायुद्धाच्या वेळी मराठा पलटणींना आकडे होते: १०३, १०५, ११०, ११४, ११६, ११७. १९२२ साली या सगळ्या एकत्र करून पाचवी मराठा लाइट इन्फंट्री झाली. १०३ ची पहिली बटालियन, १०५ ची दुसरी, ११० ची तिसरी, ११६ ची चौथी, ११७ ची पाचवी, आणि ११४ ची बेळगावातली प्रशिक्षण बटालियन झाली. ‘जंगी पलटण’ म्हणजे १०३, नंतरची पहिली. ‘काळी पाचवी’ म्हणजे १०५, नंतरची दुसरी; नावात पाचवी असली तरी ती पाचवी बटालियन नव्हे. घरात ही टोपणनावं टिकतात, आकडे टिकत नाहीत.

महार घराण्यांसाठी पहिल्या युद्धात १९१७ साली उभी केलेली १११ महार पलटण बघायची. ती १९२१ साली मोडली. महार रेजिमेंट १ ऑक्टोबर १९४१ ला बेळगावात उभी राहिली. शिवाय कामगार तुकड्या, खेचरांची वाहतूक, इस्पितळं यांतही मोठी भरती झाली, आणि आयोगाच्या नोंदीत तीही माणसं आहेत. ‘लढले नाहीत, नुसते खेचरं हाकत होते’ म्हणून शोध सोडणारी घरं आहेत. सोडू नका.

पुण्याच्या आसपासच्यांनी बॉम्बे सॅपर्स विसरू नये. खडकीचे हे सुरुंग-पूल-रस्तेवाले तेव्हा ‘थर्ड सॅपर्स अँड मायनर्स’ या नावाने ओळखले जात. पणजोबा खडकीतून निघाले असं घरात सांगत असतील, तर आधी हेच नाव.

पलटण कळली की आघाडी कळते. मेसोपोटेमियात १९१४ च्या अखेरीस उतरलेली सहावी डिव्हिजन म्हणजे पुण्याचीच ‘पूना डिव्हिजन’. १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी आणि सॅपर्सच्या १७ व २२ नंबरच्या कंपन्या तिच्याबरोबर कुतमध्ये अडकल्या. वेढा डिसेंबर १९१५ मध्ये पडला आणि २९ एप्रिल १९१६ ला शरणागती झाली. म्हणून या पलटणींतल्या कुणाच्या मृत्यूची तारीख नोव्हेंबर १९१५ ची असेल तर बहुधा टेसिफोनची लढाई, वेढ्याच्या काळातली असेल तर गोळी, उपासमार किंवा आजार, आणि एप्रिल १९१६ नंतरची असेल तर तुर्कांच्या कैदेतला मृत्यू ही शक्यता आधी तपासायची. वेढ्याबाहेर कुमक म्हणून लढणाऱ्यांत १०५ नंबरची पलटण होती. फ्रान्समध्ये सॅपर्सच्या २० आणि २१ नंबरच्या कंपन्यांची २८ ऑक्टोबर १९१४ ला नव्ह शापेलच्या लढाईत मोठी हानी झाली.

दुसऱ्या युद्धात मराठा लाइट इन्फंट्रीची तिसरी बटालियन १९४१ च्या मार्चमध्ये एरिट्रियातल्या केरेनला होती. दुसरी बटालियन जून १९४२ मध्ये तोब्रुक पडलं तेव्हा कैद झाली. चौथी मार्च १९४४ मध्ये मणिपुरातल्या सांगशाकला लढली. पहिली, तिसरी आणि पाचवी इटलीत होत्या. माणगाव तालुक्यातले नाईक यशवंत घाडगे, व्हिक्टोरिया क्रॉस, हे तिसऱ्या बटालियनचे. १० जुलै १९४४ ला वरच्या टायबर खोऱ्यात पडले. त्यांचंही नाव कबरीवर नाही, कसिनो स्मारकावर आहे.

शोधखिडकी कशी वापरायची

आता संगणकासमोर बसा. ‘सेवा’ या रकान्यात भारतीय सैन्य निवडा, युद्ध निवडा, रेजिमेंटमध्ये ‘महराटा’ हे जुनं स्पेलिंग टाका: एम-ए-एच-आर-ए-टी-टी-ए. आजचं ‘मराठा’ टाकलं तर पदरी निराशाच.

नावाचं स्पेलिंग कारकुनाने ऐकून लिहिलेलं आहे आणि कारकून बहुधा मराठी नव्हता. जाधवमधला एच कधी गायब, कधी शेवटी व्हीऐवजी ओ. शिंदे एस-आय-पासून सुरू होऊ शकतात. पवारांचे पोवार होतात, मोऱ्यांच्या शेवटी वाय लागतो, चव्हाणांचं तर विचारूच नका. सावंतांना डब्ल्यू आणि व्ही दोन्हींनी शोधा. जुन्या महार नावांत शेवटी ‘नाक’ असायचं आणि आडनाव नसायचंच. म्हणून आडनावाच्या मागे धावण्यापेक्षा ‘अधिक माहिती’ या रकान्यात गावाचं किंवा तालुक्याचं नाव टाकून बघा. बऱ्याच नोंदींत ‘अमक्याचा मुलगा, गाव, तालुका, जिल्हा’ असा मजकूर आहे, आणि दुसऱ्या युद्धातल्या नोंदींत पुष्कळदा आईचं आणि बायकोचंही नाव सापडतं. समजा, धोंडी रामा सावंत शोधायचा आहे. ‘सावंत’ टाकल्यावर सापडला नाही, तर नुसतं ‘धोंडी’, रेजिमेंट आणि ‘रत्नागिरी’ असं टाका. आलेल्या यादीत वडिलांचं नाव ‘रामा’, ‘रामजी’ किंवा ‘रामचंद्र’ असलेले सगळे वेगळे काढा. मग कोतवाल बुकातल्या मुलांच्या जन्मसालांशी तारखा ताडून बघा. एकाच नावाचे दोन-तीन जण निघणं नेहमीचंच आहे.

आणि नंबर हाती असला तरी तो एकटा पुरत नाही. त्या काळचे नंबर पलटणीपुरते असत. एकाच नंबराचे शिपाई वेगवेगळ्या पलटणींत सापडतील.

नोंद उघडली की स्मारकाचं नाव दिसेल. मेसोपोटेमियासाठी बहुधा बसरा स्मारक, त्यावर ४०,००० हून अधिक जणांची नोंद. फ्रान्ससाठी नव्ह शापेल, ४,७०० हून अधिक हिंदी सैनिक. दिल्लीचं इंडिया गेट हेही आयोगाच्या लेखी एक स्मारक आहे. त्यावर तेरा हजारांहून अधिक नावं आहेत, मुख्यतः वायव्य सरहद्द आणि १९१९ च्या अफगाण युद्धातली. सुवेझजवळच्या पोर्ट तौफिकचं स्मारक इजिप्त-इस्रायल संघर्षात उद्ध्वस्त झालं, म्हणून ती नावं कैरोच्या हेलिओपोलिस दफनभूमीत नव्याने लावली गेली. दुसऱ्या युद्धात ब्रह्मदेशासाठी तौक्यानचं रंगून स्मारक, मलाया-सिंगापूरसाठी क्रांजी. इटलीत दहन झालेल्यांसाठी सांग्रो नदीकाठची दफनभूमी, जिथल्या दहन-स्मारकावर पाचशेहून अधिक हिंदी सैनिक आहेत. भारतातच वारलेल्यांची नावं दिल्ली आणि कराची इथे ठेवलेल्या जुळ्या यादीत.

बसऱ्याबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. मूळ स्मारकाच्या पटलांवर हिंदी अधिकाऱ्यांची नावं कोरली, पण शिपायांचे पलटणीगणिक नुसते आकडे. आयोगाच्या नोंदीत आज शिपायाचं नाव सापडतं, दगडावर ते कोरलेलंच नव्हतं. मरणाऱ्या प्रत्येकाचं नाव राहील, हे या आयोगाचं ब्रीद. ते गोऱ्यांच्या बाबतीत कसोशीने पाळलं गेलं. २०२१ साली आयोगाने स्वतःच अहवाल काढून हे मान्य केलं: किमान १,१६,०००, कदाचित साडेतीन लाखांपर्यंत माणसं, मुख्यतः पूर्व आफ्रिकी आणि इजिप्शियन, नावाने किंवा मुळीच नोंदली गेली नाहीत. त्यामुळे नोंद सापडली नाही म्हणजे घरातली गोष्ट खोटी, असा निष्कर्ष काढू नका.

नाव सापडत नाही तेव्हा

आधी तारखा तपासा. आयोग पहिल्या युद्धासाठी ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१ आणि दुसऱ्यासाठी ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७ एवढेच मृत्यू धरतो. घरी परत येऊन १९२५ साली वारलेला माणूस तिथे असणार नाही.

कोकणातली घरं असतील तर ‘सैन्यात’ म्हणजे जहाजावर होते का, ते विचारा. पहिल्या युद्धातल्या रॉयल इंडियन मरीन आणि व्यापारी जहाजांवरच्या दोन हजारांहून अधिक खलाशांचं स्मारक मुंबईत मशीद बंदरला आहे, पुण्याहून ट्रेनने तीन तासांवर. कैदेची शंका असेल तर आंतरराष्ट्रीय रेडक्रॉसने पहिल्या महायुद्धातल्या युद्धकैद्यांच्या नोंदी संकेतस्थळावर ठेवल्या आहेत, त्या चाळा. पलटणीची रोजनिशी लंडनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात ‘डब्ल्यूओ ९५’ या मालिकेत आहे. तिच्यात शिपायांची नावं क्वचितच येतात, पण कोणत्या दिवशी किती मेले, किती जखमी झाले हे कळतं आणि तारखेचा घोळ सुटायला मदत होते. महाजालावर पहिल्या महायुद्धातल्या शिपायांच्या गावनिहाय नोंदवह्याही भेटतील. त्या पंजाबच्या आहेत, त्यांत सातारा शोधत बसू नका.

हे सगळं करूनही नाव नसेल आणि सेवेत असताना, वरच्या तारखांत मृत्यू झाल्याचा कागद हाती असेल, तर आयोगाकडे नाव नोंदवण्याचा अर्ज करता येतो. पेन्शनचा आदेश, ब्राँझची चकती, पलटणीचं पत्र, यांतलं काहीतरी लागेल. घरची आठवण पुरावा म्हणून चालत नाही.

परत आलेले, नंतरचे, आणि गोरे

परत आलेल्या माणसाचा शोध रेकॉर्ड ऑफिसकडे जातो. मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला, महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशातल्या सागरला, बॉम्बे सॅपर्सचं खडकीलाच, तोफखान्याचं नाशिक रोडला, रणगाडा दलाचं अहिल्यानगरला. पत्रात नंबर, हुद्दा, नाव, वडिलांचं नाव, गाव, सेवेचा काळ आणि तुमचं नातं लिहा, नात्याचा पुरावा जोडा. उत्तर आलं नाही तर माहिती अधिकाराचा दहा रुपयांचा अर्ज करा, तीस दिवसांची मुदत त्यांना बांधील असते. मात्र पेन्शन न मिळालेल्यांची कागदपत्रं नियमाप्रमाणे पंचवीस वर्षांनी नष्ट होतात. त्यामुळे अर्जात ‘सर्व कागदपत्रे’ मागण्याऐवजी लाँग रोल (पलटणीची नावनोंदवही), पेन्शनची नोंद आणि हुद्द्यांचा तपशील असं नेमकं मागा. सैनिक कल्याण विभागाचं राज्याचं मुख्यालय पुण्यात घोरपडीला आहे आणि प्रत्येक जिल्ह्यात त्याचं कार्यालय असतं. माजी सैनिकाची विधवा तिथे नोंदलेली असेल तर काम पुष्कळ सोपं होतं.

१९४७ नंतर हुतात्मा झालेल्यांसाठी दिल्लीचं राष्ट्रीय युद्ध स्मारक. ते २०१९ साली खुलं झालं आणि तिथली नावं संकेतस्थळावर शोधता येतात. पुण्यात दक्षिण कमांडचं युद्ध स्मारक आहे, १९९८ सालचं. ते अवश्य बघा.

घराण्यात अँग्लो-इंडियन किंवा ब्रिटिश पूर्वज असेल तर वाट अगदी वेगळी. कॅम्पातलं १८२५ सालचं सेंट मेरी चर्च, तिथल्या भिंतींवरचे पलटणींचे स्मृतिफलक, सेंट सेपल्कर दफनभूमी, आणि लंडनला ब्रिटिश लायब्ररीत मुंबई इलाख्यातल्या बाप्तिस्मा-लग्न-दफन नोंदींची ‘एन ३’ मालिका.

वंशावळ पुढे नेताना

शिपायाच्या वडिलांपर्यंत पोहोचलात की वरच्या पिढ्यांसाठी नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या गाठा. त्या गाव आणि आडनावावर लावलेल्या असतात. आधी तुमच्या गावचे उपाध्ये कोण ते शोधावं लागतं. परदेशात देह राहिलेल्या माणसासाठी घरच्यांनी त्र्यंबकला नारायणबळी केला असेल, तर त्या सालाची नोंद आणि सोबत आलेल्या भावांची नावं तिथे मिळू शकतात. सांगली, कोल्हापूर, सोलापूरकडे हेळवी येतात, पिढ्या तोंडपाठ म्हणतात. ऐकून रेकॉर्ड करा, पण सालं त्यांच्याकडून घेऊ नका. ती फेरफारांतूनच घ्या.

प्रत्येक नावापुढे ते कुठून मिळालं ते लिहून ठेवा: कोतवाल बुक, साल, पान, किंवा ‘थोरल्या आत्या म्हणाल्या’. दोन नोंदी भांडायला लागल्या की हे लागतं, आणि त्या भांडतातच.

नोंद सापडल्यावर

आयोगाच्या पानावरून स्मृतिपत्र उतरवून घेता येतं, छापून घरात लावण्यासारखं असतं. गावाचं किंवा वडिलांचं नाव चुकलं असेल तर पुराव्यासह दुरुस्ती कळवा. गावाच्या पाटीवरचा आकडा आणि तुम्हाला सापडलेली नावं यांची यादी करून एक प्रत ग्रामपंचायतीत आणि एक शाळेत द्या. इतर घरांचे फोन आपोआप येतील.

प्रत्यक्ष जायचं असेल तर इटली, फ्रान्स, सिंगापूर आणि दिल्ली ही सोपी ठिकाणं. बसरा स्मारक १९९७ साली मूळ जागेवरून बत्तीस किलोमीटर दूर, नासिरियाच्या रस्त्याकडे हलवलं गेलं आणि तिकडे साध्या पर्यटकाने जाण्यासारखी स्थिती नाही. कुठेही जा, निघण्याआधी पटल क्रमांक कागदावर लिहून घ्या, कारण हजारो नावांत तो नसेल तर दिवस जातो. बऱ्याच ठिकाणी प्रवेशाजवळच्या कोनाड्यात नोंदवही ठेवलेली असते, तीत पटल शोधता येतो. फोटो सकाळी किंवा उतरत्या उन्हात काढा, तिरपा प्रकाश पडला की कोरीव अक्षरं स्पष्ट उठतात. अक्षरं दिसावीत म्हणून दगडाला खडू, कुंकू किंवा तेल लावू नका, दगड डागाळतो. हार न्यायचा असेल तर तो पटलाखाली ठेवा.